पत्रिका आणि नाणेफेक



मघाशी मी सरस्वतीच्या प्रतिमेला हार घातला, तोही मनापासून. आणि आता बोलणार आहे श्रद्धेला प्रश्न विचारण्याबद्दल. पहिल्या रांगेतल्या काही भुवया उंचावलेल्या दिसतायत.

माझी आई वारीला जायची. तिच्याकडे मी कधी पुरावा मागितला नाही. विठ्ठलाचं नाव घेऊन ती कुणाला काही पटवायला जात नव्हती. पण ‘पत्रिकेवरून पोराची बुद्धी सांगतो’, ‘मुलीला मंगळ आहे, हे स्थळ नको’ असं कुणी म्हटलं की तो दावा झाला. त्यापायी लग्नं मोडतात. मग तो तपासायला नको?

२००८ साली पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी तेच केलं. सोबत संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे होते. १०० हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुलं, यांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या. नावं नाहीत, नुसते सांकेतिक क्रमांक. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि त्याने एवढंच सांगायचं, की ही पत्रिका कुठल्या गटातल्या मुलाची. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरं आली २७ जणांची. बाकीच्यांना मुहूर्त सापडला नसावा!

नाणं उडवून उत्तरं लिहिली तरी ४० पैकी वीसेक बरोबर येतातच. २८ येणं मात्र अवघड, ती शक्यता शंभरात एकाहूनही कमी. म्हणून विद्येची चुणूक दिसायला निदान २८ हवेत. ज्योतिषांनी ते गाठले असते तर नारळीकरांनाही मान डोलवावी लागली असती. या चाचणीतलं मला सगळ्यात आवडतं ते हेच: विचारणाऱ्यालाही हरायची पाळी येऊ शकत होती. प्रत्यक्षात सर्वाधिक बरोबर उत्तरं निघाली २४, आणि सरासरी ४६ टक्के. नाण्याने किंचित बरी कामगिरी केली असती.

चाचणीवर आक्षेप आहेत? जरूर घ्या. त्रुटी दाखवा, त्या काढून पुन्हा चाचणी करा. प्रश्नाला उत्तर असं द्यायचं, गोळीने नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या गोळ्यांनी ४६ टक्क्यांचे ४७ झाले नाहीत.

तुमच्या संख्याशास्त्र विभागाला एक काम देऊन जातो. रोज वर्तमानपत्रातलं कालचं राशिभविष्य कापा, राशींची नावं काढून टाका आणि बारा चिठ्ठ्या वर्गात फिरवा. आपला कालचा दिवस कुठल्या चिठ्ठीत आहे ते प्रत्येकाने ओळखायचं. नुसत्या अंदाजाने बारात एकाचा नेम लागेल. त्याहून बरेच जास्त लागले, तर मला फोन करा, मी पुन्हा येतो. आणि निकाल काहीही लागो, पुढच्या गॅदरिंगला तो फिशपाँडच्या आधी वाचा. नंतर कुणी थांबत नाही.