पाठीमागची जागा

मला संगणकावरचा एकही खेळ खेळता येत नाही. तरीही आज मी तुमच्याशी अशाच एका खेळाबद्दल बोलणार आहे. तो मी खेळलो नाही, शेजारी बसून पाहिला.

माझा धाकटा मुलगा तेव्हा अकरावीत होता. रात्री जेवणं झाली की तो संगणकासमोर बसायचा आणि घरात विमानाची घरघर सुरू व्हायची. त्याची अम्मी आतून आवाज कमी करायला सांगायची. मी पलीकडे वही घेऊन बसलेला असायचो. पण ज्या घरात विमानं उडतात तिथे कविता कशी सुचणार? शेवटी एका रात्री वही मिटली, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "दाखव तरी, काय चाललंय."

खेळाचं नाव 'इल-२ श्टुर्मोविक'. मॉस्कोतल्या ओलेग मॅडॉक्स यांच्या चमूनं तो तयार केला आणि २००१ साली तो बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या बाजूनं लढलेलं एक विमान या खेळाचा नायक आहे. 'श्टुर्मोविक' म्हणजे जमिनीवर हल्ला करणारं विमान. आकाशात उंच जाऊन दुसऱ्या विमानांशी झुंजणं हे त्याचं मुख्य काम नव्हतं. झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, खालचे रणगाडे, तोफा, मालमोटारी गाठायच्या आणि पुन्हा खालूनच परतायचं.

इतक्या खालून उडणाऱ्या विमानावर जो तो गोळ्या झाडतो. म्हणून सर्गेई इल्युशिन या अभियंत्यानं एक वेगळी युक्ती केली. विमान आधी बांधून त्यावर पोलादी पत्रे ठोकायचे, असं न करता विमानाचा पुढचा भागच त्यानं चिलखताचा केला. चार ते बारा मिलिमीटर जाडीच्या पोलादाची जणू एक घमेल्यासारखी पेटी. इंजिन, इंधन आणि वैमानिक त्या पेटीत. पेटीच्या मागचं शेपूट मात्र साधं, पुष्कळ विमानांत तर चक्क लाकडाचं.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीनं सोव्हिएत संघावर आक्रमण केलं. शत्रू पुढे सरकू लागला तसा वोरोनेझचा विमान कारखाना यंत्रांसकट, कामगारांसकट उचलून व्होल्गाकाठच्या कुइबिशेवला नेला. आज त्या शहराला समारा म्हणतात. त्या कडाक्याच्या हिवाळ्यात नव्या जागी विमानं पुरेशी निघेनात, तेव्हा डिसेंबरात खुद्द स्टालिनची तार आली: आमच्या सैन्याला ही विमानं हवेसारखी, भाकरीसारखी हवी आहेत. पुढे या जातीची छत्तीस हजारांहून अधिक विमानं तयार झाली. दुसरं कुठलंही लढाऊ विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही.

हे सगळं मला मागाहून वाचनातून समजलं. त्या रात्री मी फक्त पडद्याकडे पाहत होतो. बर्फाळ मैदान, धुराच्या रेघा आणि विमानाच्या पाठीवर काचेखाली एक आकृती. शेपटाकडे तोंड करून बसलेली.

"हा मागे कोण?"

"गनर आहे, अब्बा. त्याला कॉम्प्युटर चालवतो."

"नाव काय त्याचं?"

मुलगा हसला. "त्याला नाव कशाला लागतंय?"

मग त्यानं मला विमानांची यादी दाखवली. पहिली विमानं एकाच माणसाची होती. इल्युशिनच्या मूळ आराखड्यात दोन जागा होत्या. पण वजन कमी हवं, वेग जास्त हवा म्हणून मागची जागा काढून टाकली गेली. युद्ध सुरू झालं आणि जर्मन विमानं नेमकी मागून येऊ लागली. तेव्हा आघाडीवरच्या तुकड्यांनीच काही विमानांची पाठ कापून तिथे एक माणूस आणि एक मशीनगन बसवली. खेळाच्या यादीत तेही विमान आहे. १९४२ सरता सरता कारखान्यांतूनच दोन जागांची विमानं बाहेर पडू लागली.

पण पोलादी पेटी पूर्वीच्याच मापाची राहिली. ती वाढवायची तर सगळी रचना बदलावी लागणार आणि युद्धाला तेवढा वेळ नव्हता. म्हणून मागचा माणूस पेटीच्या बाहेर बसला. बसायला कॅनव्हासचा एक पट्टा आणि हातात साडेबारा मिलिमीटरहून थोडी मोठी गोळी झाडणारी मशीनगन. आडोसा म्हणून पोलादाचा एखादा तुकडा. मागून येणारा शत्रू आधी त्यालाच गप्प करायला पाहायचा. पुढच्याचं चिलखत भेदणं कठीण, मागच्याला चिलखतच नाही.

मी मुलाला म्हटलं, "तू एकदा त्याच्या जागी बस बघू."

त्यानं एक कळ दाबली. पडद्यावरचं जग फिरलं. आता समोर विमानाचं शेपूट होतं आणि जमीन आमच्यापासून लांब लांब पळत होती. आपण कुठे चाललोय ते दिसत नव्हतं. कुठून आलो तेवढंच दिसत होतं. विमान अचानक एका अंगावर कललं, का कललं ते आम्हाला कळलं नाही. तेवढ्यात लांबवर एक ठिपका उगवला. ठिपक्याला पंख फुटले. मुलानं गोळ्या झाडल्या, त्या सगळ्या भलतीकडे गेल्या. पडदा थरथरला आणि मशीनगन मुकी झाली.

"अब्बा, इथे काहीच आपल्या हातात नसतं," तो म्हणाला. मग सवयीनं त्यानं तीच फेरी पुन्हा सुरू केली. विमान धावपट्टीवर नवंकोरं उभं राहिलं. मागचा माणूसही जागेवर येऊन बसला.

माझा थोरला भाऊ ट्रकवर क्लिनर होता. गाडी धुणं, टायर ठोकून पाहणं, घाटात गाडी थांबली की उतरून चाकाखाली दगड लावणं, हे त्याचं काम. गाडी मागे घ्यायची असली की तो पाठीमागे उभा राहायचा आणि हौद्यावर थाप मारत ओरडायचा, "येऊ द्या, येऊ द्या!" ड्रायव्हरला मागचं जेवढं दिसायचं ते माझ्या भावाच्या डोळ्यांनी. एका पावसाळ्यात, रात्री, ती गाडी घाटात कोसळली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांत ड्रायव्हरचं पूर्ण नाव होतं, वय होतं, गाव होतं. पुढे लिहिलं होतं: 'व क्लिनर'.

बातमी लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला जेवढं कळलं तेवढं त्यानं लिहिलं. ते कात्रण मी अजून जपून ठेवलं आहे.

त्या रात्रीनंतर मी त्या विमानाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. तलगात बेगेल्दिनोव या कझाख वैमानिकाबद्दल वाचलं. त्यानं या विमानातून तीनशेहून अधिक उड्डाणं केली आणि दोनदा 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळवला. हा किताब मिळालेल्या श्टुर्मोविक वैमानिकांची यादी लांबलचक आहे. मागे बसणाऱ्यांची नावं त्यात शोधू लागलो, तर ती फार थोडी निघाली.

मग आन्ना येगोरोवा भेटली. ती हे विमान चालवणारी बाई. ऑगस्ट १९४४ मध्ये पोलंडमध्ये तिचं विमान पाडलं गेलं. ती भाजलेल्या अंगानं, अर्धवट उघडलेल्या हवाई छत्रीनिशी जमिनीवर पडली आणि जर्मनांच्या हाती लागली. युद्धकैद्यांच्या छावणीतून सुटल्यावर स्वतःच्याच सैन्यानं तिची संशयानं उलटतपासणी केली. 'वीर' हा किताब तिला मिळाला तो १९६५ साली. त्या दिवशी तिच्या पाठीमागच्या जागेवरही एक बाईच होती, एवदोकिया नाझारकिना. ती वाचली नाही. येगोरोवा जगली, बोलली, तिनं आठवणी लिहिल्या, म्हणून पाठीमागच्या जागेवरचं हे एक नाव माझ्यापर्यंत पोहोचलं. बाकीची कुठे शोधायची?

हा खेळ वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. माझ्या हातून कधी उघडलं गेलं नसतं असं इतिहासाचं एक पान त्यानं उघडलं. मुलाला तर त्यानं व्होल्गा नदी नकाशावर शोधायला लावली. पण खेळ सुरू करताना पुढचीच खुर्ची आपली, हे आपण धरून चालतो.

मुलगा आता नोकरीला आहे, दुसऱ्या शहरात राहतो. सवड मिळाली की अजूनही तो जुना खेळ लावतो. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "अब्बा, शत्रू मागे लागला की मी पूर्वी नुसता गरागरा वळायचो. आता थोडा वेळ विमान सरळ ठेवतो. म्हणजे मागच्याला नेम धरता येतो."

मी म्हटलं, "बरं करतोस."

थोडा वेळ फोनवर शांतता होती. मग त्यानं विचारलं, "अब्बा, बडे अब्बांचं पूर्ण नाव काय होतं?"

मी सांगितलं. त्यानं ते एकदा म्हणून पाहिलं. फोन ठेवल्यावर मी ते पिवळं पडलेलं कात्रण काढलं आणि 'व क्लिनर'च्या शेजारी, समासात, भावाचं नाव वडिलांच्या नावासकट शाईनं लिहिलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)