बाळंतपणाचा खर्च कोणाचा?



चालकांनी पत्रिकेवर आमचा विषय ‘मातृत्वाचे सामाजिक मूल्य’ असा छापला आहे. नाव भारदस्त आहे. परंतु आम्ही युनियनची माणसे. मूल्य म्हटले की पैसे कोण मोजणार, हे आम्ही आधी विचारतो. कामकरी बाई बाळंत होते, त्या दिवसांत तिची मजुरी बुडते आणि घरात खाणारे तोंड वाढते. ही भरपाई नवऱ्याने करायची, मालकाने करायची की सरकारने? आजचा विषय एवढाच.

मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या सुमारास दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. बाळंत झालेली बाई फार दिवस घरी राहू शकत नसे, कारण खाडा म्हणजे उपास. मग तान्ह्या मुलाचे काय? मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी चौकशी करून १९२२ साली अहवाल दिला. कामगार बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरांत अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असा त्यांचा अंदाज होता. तिला ‘बाळगोळी’ असे गोड नाव होते. गोळी दिली की मूल पाळी सुटेपर्यंत निपचित पडे. आज हे ऐकून कोणी त्या आयांना नावे ठेवील, तर त्याने एवढे सांगावे की दिवसभर खोलीत एकट्या पडणाऱ्या मुलाचे त्याने स्वतः काय केले असते.

वॉशिंग्टनला १९१९ साली पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे विश्रांती मिळावी, असा करार तेथे झाला. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे हजर होते. पुढे १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात याविषयी बिल मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात मात्र १९२८ साली हा प्रश्न निघाला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांना मान्य होते. पण सरकार उचलत नाही तोवर ज्याला त्या बाईच्या श्रमाचा फायदा होतो त्या मालकाने तो सोसावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला. रोजी आठ आणे मिळू लागले.

आता कायद्यातली मेख पाहा. पैसे द्यायचे त्या एकट्या मालकाने. म्हणजे बाई कामावर ठेवली तर खर्च, पुरुष ठेवला तर नाही. मालक हिशेबी असतो. गिरण्यांतून बायका पुढे कमी कमी होत गेल्या. सगळा दोष कायद्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रात्रपाळीची बंदी होती, नवी यंत्रे आली होती. पण हिशेबाचे हे कारणही होतेच.

यावरचा उतारा १९४८ च्या राज्य विमा कायद्यात सापडतो. मुंबईत ही योजना १९५४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. हिच्यात मालक सरसकट प्रत्येक कामगारामागे वर्गणी भरतो, मग तो पुरुष असो वा बाई. आज मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचे पाऊण टक्का. बाळंतपणाचे पैसे त्या सामाईक गंगाजळीतून निघतात. येथे बाईला कामावर न घेण्यात मालकाचे काही वाचत नाही. आमच्या मते साऱ्या विषयाची किल्ली हीच आहे. मात्र महिना २१,००० रुपयांवर पगार गेला की नव्या माणसाला हे दार बंद, आणि तेथे भार पुन्हा एकट्या मालकावर येतो.

देशभराचा कायदा १९६१ साली आला. त्यातली बारा आठवड्यांची रजा २०१७ साली पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. सव्वीस आठवडे ऐकून टाळ्या वाजवण्याआधी एक अट वाचा: आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम भरले पाहिजे. कंत्राटदाराला हे तोंडपाठ असते. ऐंशी भरायच्या आत तो ‘ब्रेक’ देतो आणि पुढच्या आठवड्यात नवे नाव घालून तीच बाई परत घेतो. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायकांनी हा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मस्टरवरच्या रोजंदारी बायकांनाही हा लाभ आहे, असा निकाल ८ मार्च २००० रोजी लागला. पण कोर्टात दाखवायला हजेरीचा कागद लागतो. तो जपून ठेवा, हे आम्ही दर सभेत सांगतो.

पाळणाघराचेही तसेच. कारखान्याच्या कायद्यात तीसहून अधिक बायका असल्या की पाळणाघर सक्तीचे होते. एकोणतीसच बायका ठेवणारे कारखाने आम्ही पाहिले आहेत. २०१७ पासून गणती बदलली. एकूण पन्नास कर्मचारी झाले की पाळणाघर पाहिजे, मग त्यांत बायका कितीही असोत. हा फरक फार मोठा आहे. तरी दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा कायदा आईलाच देतो. बापाचा त्यात उल्लेख नाही. केंद्र सरकारच्या नोकराला बाप झाल्यावर पंधरा दिवस रजा आहे; खासगी कारखान्यातल्या बापाला कायद्याने एकही नाही. आणि खरे सांगायचे तर आमच्या मागण्यांच्या यादीत बोनस आणि महागाई वर असतात, पाळणाघर शेवटच्या ओळीत असते, आणि तडजोडीच्या वेळी पहिली कात्री त्यालाच लागते. यादी लिहिणारे बहुधा बापच असतात.

आता ज्यांना मस्टरच नाही त्यांच्याकडे वळू. बीडकडचे ऊसतोड मजूर पाहा. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल घेतलेली, एक दिवस चुकला की खाड्याचा दंड. बाईचे दिवस भरले तर कोयताच मोडतो, म्हणून ती शेवटपर्यंत मोळ्या उचलते. यांतल्या कितीतरी बायकांनी ऐन तारुण्यात पिशवी काढून घेतल्याचे २०१९ साली उजेडात आले, आणि विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. अशा बाईला सरकारची मातृवंदना योजना पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये देते. अन्नसुरक्षेच्या २०१३ च्या कायद्यात ६,००० हून कमी नाही, असे लिहिले आहे. हजाराचा हा फरक कोणी भरायचा, तेही विचारण्यासारखे आहे.

आणि मालक काय फक्त कारखानदारच असतो? या मंडपात बसलेल्या पुष्कळांकडे धुण्याभांड्याला बाई येत असेल. ती बाळंत झाली म्हणजे आपण बदली बाई शोधतो आणि बहुधा तिलाच कायम करतो. आमचे म्हणणे असे की जुनीची जागा तीन महिने राखून ठेवावी, आणि निदान दोन महिन्यांचा पगार तिच्या हाती द्यावा. दोन-तीन घरचे काम करणारी असेल तर त्या घरांनी मिळून हिशेब करावा. गल्लीच्या गल्लीने ठरवले तर कोणा एकावर भार पडत नाही. यावर ज्यांचे आक्षेप असतील त्यांनी चिठ्ठीवर लिहून अध्यक्षांकडे द्यावेत. आम्ही थांबलेलो आहोत.