सुई, नाडी आणि दवणा

परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला सोलापूरचा एक तरुण डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून बोटीने चीनला निघाला. द्वारकानाथ कोटणीस. बरोबर आणखी चार डॉक्टर होते. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ही कथा घरोघर पोचली. पण त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू फारसे कुणाला आठवत नाहीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या कलकत्त्यात घेऊन आले.

या सुईमागचा विचार ऐकण्यासारखा आहे. शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती बारा मुख्य वाटांनी वाहते. यिन म्हणजे डोंगराची सावलीची बाजू, यांग म्हणजे उन्हाची. त्यांचा तोल गेला की वाट तुंबते आणि दुखणं येतं. या आणि आणखी दोन वाटांवर मिळून ३६१ बिंदू मोजलेले आहेत. चिनी वैद्य आधी जीभ बघतो, मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी.

नाडी म्हटली की मला लहानपणी घरी येणारे हकीमसाहेब आठवतात. ते नब्ज बघत असताना घरात कुणी शिंकलं तरी आई डोळे वटारायची. त्यांचा मिजाज, वैद्यबुवांचे वात-पित्त-कफ आणि चिन्यांचे यिन-यांग एकमेकांना अगदीच अनोळखी नव्हते. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणात वजीर रशीदुद्दीन यांनी चिनी वैद्यक फारसीत आणवलं, त्यात नाडीपरीक्षाही होती. चिनी वैद्य कातडीवर पेले लावून ती ओढून धरतात. आमच्याकडे त्याचा भाऊबंद हिजामा, आणि आपल्या मराठीत तुंबडी लावणे.

काष्ठौषधींच्या दुकानात आजही चोपचिनी मिळते. नावातच चीन आहे. ही मुळी सोळाव्या शतकात गोव्यात उतरली. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्टाने तिच्यावर लिहिलं. हा तोच वैद्य, ज्याने मुंबई बेट पोर्तुगिजांकडून खंडाने घेतलं होतं! तेव्हा लोक फिरंगरोगावर मोठ्या आशेने ती घेत. त्या रोगावरचा खरा इलाज, पेनिसिलीन, यायला पुढे चारशे वर्षं जावी लागली.

मग हे सगळं थोतांड का? दादरच्या फुलबाजारात दवणा हुंगून बघा. त्याच्याच कुळातली एक वनस्पती वाळवून चिनी वैद्य कातडीजवळ पेटवून शेक देतात. दुसरी, चिंगहाओ, तापावर देत. चौथ्या शतकातल्या गे होंगने लिहून ठेवलं होतं की मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळावा आणि रस प्यावा. मलेरियावर औषध शोधताना तू यूयू या संशोधिकेला त्यात एक गोष्ट जाणवली, की उकळा असं कुठेच म्हटलेलं नाही. तिने कमी तापमानात अर्क काढला. आर्टेमिसिनिन हाती आलं आणि २०१५ मध्ये तिला नोबेल मिळालं. पण ते मिळालं प्रयोगशाळेत तपासून, माणसांवर चाचण्या करून. त्या पाल्याचा काढा घरी करून पिणं हा मलेरियावरचा उपचार नव्हे.

मी कवी असल्याने ‘ची’ची कल्पना मला आवडते. पण उपमेवर जीव टांगू नये. जुनाट गुडघेदुखी, कंबरदुखी, मायग्रेन यांत सुईने काहींना आराम पडतो. मात्र खोट्या सुया लावलेल्यांनाही बराच आराम पडल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. औषधी वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हेही खरं नाही. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्यासाठी घेतलेल्या चिनी मुळ्यांतल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे. तेव्हा सुई टोचून घ्यायची असेल तर आधी नोंदणी विचारा आणि सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला लावा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करायला सांगितलं तर तिथून उठा. आणि पावसाळ्यात लालबाग-परळच्या चाळीत कुणाला थंडी वाजून ताप भरला, तर सुई नको नि काढाही नको. केईएम जवळच आहे, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.