विश्वाचा गलबला

भरलेल्या बाजाराजवळून जाताना दुरून जो गलबला कानी येतो, त्यात कोणा एकाचा शब्द ओळखू येत नाही. तरी तो असंख्य माणसांच्या बोलण्याचाच बनलेला असतो. गुरुत्वीय लहरींचेही असेच आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो'च्या यंत्रांनी टिपलेली लहर दोन कृष्णविवरांच्या मीलनाची होती. ती जणू एकाच्या कंठातील आरोळी. परंतु अगणित दूरस्थ उगमांच्या क्षीण लहरी एकमेकींत मिसळल्या, तर त्यांचा गलबला ऐकावा कसा?

अडचण अशी की, तो उपकरणाच्या खरखरीसारखाच भासतो. उपाय एकच : अनेक ठिकाणी ऐकावे. प्रत्येक उपकरणाची खरखर निराळी असते. लहर मात्र सर्वांना सामाईक. नोंदी दीर्घकाळ ताडून पाहिल्या, म्हणजे हे सामाईक तेवढे वर येते.

आकाशगंगांच्या गाभ्यांतील महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या ज्या लहरी उठवितात, त्यांचे एक आंदोलन पुरे व्हावयास कित्येक वर्षे लागतात. त्यासाठी शास्त्रज्ञांनी स्पंदक ताऱ्यांनाच घड्याळे मानले. सेकंदाला शेकडो फेरे घेणाऱ्या या ताऱ्यांचे स्पंद विलक्षण नियमित असतात. लहरींमुळे ते सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी काळाने मागेपुढे होतात. १९८३ साली हेलिंग्ज व डाउन्स यांनी दाखवून दिले की, लहरी खऱ्या असतील तर दोन स्पंदकांच्या चुकारपणातील साम्य त्यांच्यामधील कोनानुसार ठराविक रीतीने बदलावयास हवे. हीच त्यांची ओळखखूण.

२०२० साली 'नॅनोग्रॅव्ह' या गटास अनेक स्पंदकांत एकसारखी खरखर आढळली. परंतु कोनाची खूण पुरेशी स्पष्ट नव्हती. म्हणून त्यांनी लहरी सापडल्याचा दावा केला नाही. पुढे जून २०२३ मध्ये ६७ स्पंदकांच्या १५ वर्षांच्या नोंदींत ती दिसू लागली. त्याच वेळी युरोपीय संशोधकांनाही २५ स्पंदकांच्या अभ्यासात तिचा पुरावा मिळाला. त्यांच्या नोंदींना जोड होती ती आपल्या पुणे जिल्ह्यातील नारायणगावाजवळच्या खोडद येथील, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या दुर्बिणीची.

तरीही त्या वेळी सर्वांनी 'पुरावा मिळाला' एवढेच म्हटले. 'शोध लागला' असे म्हणावयास त्यांना योगायोगाची शक्यता याहून कितीतरी कमी झालेली हवी होती. पंधरा वर्षे वाट पाहिल्यावरही हा शब्द हातचा राखून ठेवणे सोपे नव्हे. श्रोतेहो, शास्त्राच्या वचनावर आपण विश्वास ठेवतो, तो अशा संयमामुळेच.