हलक्या शाफ्टचा हिशेब



मुनिरका हे आता नावापुरतेच गाव उरले आहे. लगत आउटर रिंग रोड, शेजारी जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हाकेच्या अंतरावर आयआयटी, आणि 2018 पासून मेट्रोचे स्थानक. दुचाकी उभी करायलाही जागा शोधावी लागते, अशा या वस्तीतल्या तरुणांनाही वेगवान मोटारीचे वेड आहेच. फोर्डची मस्टँग 2016 च्या जुलैत भारतात आली. पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. अशी गाडी ज्याच्या हाती येते, त्याला लवकरच एक सल्ला मिळतो : मूळचा पोलादी प्रॉपेलर शाफ्ट काढ, ॲल्युमिनियमचा हलका बसव, गाडी उडेल. भाग परदेशातून मागवायचा आणि पैसे बहुधा वडिलांचे. म्हणून हा विषय पालकांच्याही कानावर असावा.

गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत फिरत जाणारी नळी म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीखाली वाकून पाहिलेल्यांना ती ठाऊक आहे. तिच्या टोकाच्या सांध्याला गॅरेजात ‘क्रॉस’ म्हणतात. पोलादाची घनता सुमारे 7.85, ॲल्युमिनियमची 2.7. आकडे पाहून मोह पडणे स्वाभाविक आहे. पण ॲल्युमिनियमची ताठरताही पोलादाच्या एक तृतीयांशच असते. तोच पीळ सोसायचा तर नळी जाड किंवा रुंद करावी लागते. त्यामुळे वजन एक तृतीयांशावर न येता साधारण निम्म्यावर थांबते.

आता हिशेब मांडू. समजा, पोलादी शाफ्ट 18 किलोंचा आणि नवा 9 किलोंचा आहे. नऊ किलो सरळ वाचले. फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व वस्तुमानावर अवलंबून असते, तसेच ते त्रिज्येच्या वर्गावरही असते. पोलादी नळीची त्रिज्या 4 सेंटिमीटर आणि नवीची 5 धरली, तर वजन निम्मे होऊनही फिरण्याचे जडत्व जेमतेम पाचव्या भागाने घटते. शिवाय शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे असतो. फ्लायव्हीलचे जडत्व पहिल्या गिअरमध्ये कितीतरी पटींनी जाणवते, तसे शाफ्टचे होत नाही. फिरण्यातली ही बचत गाडीच्या वजनात मोजली तर किलोभरही भरत नाही. एकूण लाभ दहा किलोंच्या आत. सुमारे सतराशे किलोंच्या गाडीत तो एक टक्क्याहूनही कमी! आपल्या मुलांची दोन दप्तरे मागच्या सीटवरून उतरवली, तरी जवळपास तेवढेच साधेल. इंजिनाची शक्ती तर कणभरही वाढत नाही. वाढल्याचे सांगणारा विक्रेता निदान शब्दांशी प्रामाणिक नाही.

मग गाडी ‘जिवंत’ झाल्याचे चालक सांगतात, ते सारे खोटे का? सगळेच नव्हे. मस्टँगचा मूळ शाफ्ट दोन तुकड्यांचा असून मध्ये आधाराचे बेअरिंग आहे. एकसंध शाफ्टात एक सांधा व ते बेअरिंग जाते, रबराची लवचीकता जाते, आणि पाय दाबताच उत्तर किंचित लवकर मिळते. त्याच कारणाने आवाज आणि कंपनेही आत अधिक पोहोचतात.

खरा धोका निराळाच आहे. लांब नळी एका ठरावीक गतीला धनुष्यासारखी वाकून भोवंडू लागते; या गतीला क्रांतिक गती म्हणतात. ती लांबीच्या वर्गाने घटते, म्हणजे दुप्पट लांब नळीची क्रांतिक गती एक चतुर्थांश. निर्मात्याने शाफ्टचे दोन तुकडे केले त्याचे एक मोठे कारण हेच. आणि गंमत अशी, की ताठरता व घनता यांचे गुणोत्तर पोलाद आणि ॲल्युमिनियम दोहोंत जवळजवळ सारखे असल्याने केवळ धातू बदलून ही गती वाढत नाही. व्यास वाढवावा लागतो. ताशी 120 किलोमीटरला असा शाफ्ट मिनिटाला सुमारे 3,300 फेरे घेतो, 240 ला त्याच्या दुप्पट. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या धावपट्टीवर तेवढा वेग गाठणाऱ्याने शाफ्टची क्रांतिक गती लेखी मागून घ्यावी. आउटर रिंग रोडवर तो प्रश्न येऊच नये.

आणखी दोन गोष्टी. पोलादाला थकव्याची एक खालची मर्यादा असते. तिच्याखालचा भार ते जवळजवळ कायम सोसते. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, आणि वेल्डिंगच्या कडेला ते मऊ पडते. म्हणून स्थानिक मिस्त्रीकडून नळी कापून जोडून घेणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. तुटलेला शाफ्ट खाली लोंबकळून रस्त्यात रुतला तर गाडी उलटू शकते. शर्यतीच्या गाड्यांत त्याभोवती पोलादी कडे बसवतात ते यासाठीच.

कायद्याची बाजू पालकांनी पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार मान्य होणार नाहीत, असे स्पष्ट केले. भाग मागवण्याआधी नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. आणि हे सारे करून शाफ्ट बसवायचाच असेल, तर तो तोललेला आहे का, दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे आहेत का, एवढे मिस्त्रीकडून समोर उभे राहून तपासून घ्यावे. कोन चुकले तर पहिल्याच दिवशी सीटखाली थरथर सुरू होते.