गालाचं ठिगळ

आजचा विषय लघवीचा आहे. रेडिओचा आवाज कमी करू नका, घरातल्या पुरुषांनाही ऐकू द्या.

आमच्या गटाच्या वहीत कर्जाचं कारण म्हणून नुसतं ‘दवाखाना’ लिहिलेलं असतं. जवळ बसून विचारलं की एखादी हळूच सांगते, “यांची लघवी अडते, दर चार-सहा महिन्यांनी वाट मोठी करून आणावी लागते.” मूत्रमार्ग आतून आवळलेला असतो. जुना संसर्ग, घाईत घातलेली नळी, दुर्बिणीचं ऑपरेशन, कातडी पांढरी पडून आवळण्याचा आजार, अशी त्याची कारणं. सळई घालून वाट ताणली की काही दिवस बरं वाटतं, मग बहुतेकदा तिथेच पुन्हा व्रण धरतो. एकदा-दोनदा ठीक आहे. वर्षानुवर्षं तेच करत राहिलं तर कर्जही वाढतं आणि माणूसही खंगतो.

यावर पक्कं ऑपरेशन आहे. गालाच्या आतल्या अस्तराची बोटभर पट्टी काढून ती आवळलेल्या जागी शिवतात. ऐकून हसू येईल, पण विचार साधा आहे. हे अस्तर कायम ओलं राहणारं, चिवट आणि बिनकेसांचं. पूर्वी कातडी लावायचे, तर कधी कधी आत केस उगवायचे! पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांनी २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवतात, दुसऱ्या बाजूच्या नसा आणि रक्तपुरवठा राखतात. किडनीकडून येणारी नळी आवळली असेल, तर काही मोठ्या दवाखान्यांत पोटावर लहान छिद्रं पाडून हेच ठिगळ लावतात.

तोंड दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. पहिले काही दिवस पेज, मऊ भात. लघवीची पिशवी साधारण तीन आठवडे राहते.

आता खरी गोष्ट. मिश्री, तंबाखू, गुटखा यांनी गाल आतून पांढरा, ताठ झाला, तोंड उघडेना, की असल्या गालाचं ठिगळ नीट मिळत नाही. मिश्री लावणाऱ्या आपणही आहोतच.

आणि हो, हा आजार बायकांनाही होतो, पुरुषांपेक्षा कमी. धार बारीक, जोर करावा लागतो, जाऊन आलं तरी मोकळं वाटत नाही. अशा बाईला वर्षभर इन्फेक्शनच्या गोळ्याच मिळत राहतात. पुन्हा पुन्हा होत असेल तर मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा. लघवीची धार मोजायची तपासणी आणि औषध सोडून काढलेला एक्स-रे याबद्दल विचारा. पुरुषांसाठीही हेच. अडथळा कुठे आहे, किती लांब आहे, ठिगळ लागेल का, हे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, मगच गटाकडे कर्ज मागा. जुने कागद, एक्स-रे टाकून देऊ नका. बैठकीला येताना पिशवीत घालून आणा, आम्ही तारखेप्रमाणे लावून देऊ.