पगार थांबला तर ताटात काय?

माझ्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बॅकअपशिवाय कुठलीही महत्त्वाची यंत्रणा चालवत नाहीत. घर मात्र आपण एकाच पगारावर चालवतो. तो थांबला की रेशनचा गहू-तांदूळ कसाबसा येतो. ताटातून आधी जाते ती भाजी.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाला तिकडून मिळणारे तेल, खत, धान्य आटले. हवानाच्या लोकांनी अंगणे, गच्च्या, ओसाड प्लॉट लागवडीखाली आणले. रासायनिक खत नव्हते, म्हणून कंपोस्टचे वाफे केले. सरकारने पडीक जमीन कसायला मोफत दिली. धान्य पुढेही बाहेरूनच येत राहिले, पण भाजी शहरात पिकू लागली.

आपल्यालाही गच्चीवर गहू काढायचा नाही. ५-६ तासांचे ऊन, तळाला भोके पाडलेली बादली, माती, ओल्या कचऱ्याचे खत आणि फोडणीच्या डब्यातली मूठभर मेथी एवढे पुरे. महिनाभरात जुडी हाती येते.

पण ज्यांच्या खोलीत ऊनच येत नाही, त्यांनी काय करायचे? त्यांच्यासाठी मोहल्ल्यातली मोकळी जागा, शाळेची, मशिदीची गच्ची मागू या. आणि हे नोकरी गेल्यावर नको. हातात पगार आहे तोवरच सुरू करू या.